एकतर्फी हुकूमनामा: त्याच कोर्टात अर्ज करावा की वर अपील करावे?

आपल्याविरुद्ध दावा लागला होता हेच ज्याला दरखास्तीची (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जाची) नोटीस हातात पडल्यावर कळते, त्याला दिवाणी प्रक्रिया संहिता दोन दारे दाखवते. पहिले दार त्याच कोर्टाचे आहे: आदेश ९ नियम १३ खाली अर्ज करून एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे आपल्या गैरहजेरीत झालेला कोर्टाचा निर्णय, रद्द करून घ्यायचा आणि दावा पुन्हा कैफियतीपासून, म्हणजे आपल्या लेखी उत्तरापासून, लढायचा. दुसरे दार वरच्या कोर्टाचे: कलम ९६ च्या पोटकलम २ खाली हुकूमनाम्यावर सरळ अपील करायचे. मी वकील नाही. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टर्निंगचे छोटे वर्कशॉप चालवतो. तरीही या दोन दारांपुढे उभे राहण्याची वेळ माझ्यावर आली, आणि त्या दिवसांत सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जितकी माणसे भेटली तितके सल्ले मिळाले. ज्याच्या हातात आज तशीच नोटीस आहे त्याच्यासाठी हा आढावा लिहीत आहे. अंतिम निर्णय आपल्या वकिलांना कागद दाखवूनच घ्यावा, हे वेगळे सांगायला नको.

माझे प्रकरण थोडक्यात असे. आमचे वर्कशॉप आधी सातपूरला भाड्याच्या गाळ्यात होते, ते आम्ही अंबडला हलवले. त्यानंतर कच्चा माल देणाऱ्या एका पुरवठादाराशी सदोष मालावरून वाद झाला, आणि त्याने दोन लाख साठ हजार रुपयांच्या वसुलीचा दावा लावला. रक्कम तीन लाखांच्या आत असल्यामुळे व्यापारी न्यायालयाचा वेगळा कायदा लागू झाला नाही आणि दावा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांसमोर चालला. दाव्यात पत्ता मात्र सातपूरचा होता. बेलीफाने 'गाळा बंद' असा अहवाल दिला, पुढे वादीच्या अर्जावरून वर्तमानपत्रातील जाहिरातीद्वारे समन्स बजावल्याचे मानले गेले आणि दावा एकतर्फी निकाली निघाला. हुकूमनाम्याला दोन वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर दरखास्त दाखल झाली तर आदेश २१ नियम २२ प्रमाणे ऋणकोला, म्हणजे ज्याच्याकडून वसुली करायची त्याला, आधी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस अंबडच्या पत्त्यावर बरोबर पोहोचली. वसुलीच्या वेळी सापडणारा पत्ता समन्सच्या वेळी का सापडत नाही, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

दोन्ही मार्गांमधला मूळ फरक, मला समजला तसा, त्या त्या कोर्टाने विचारायच्या प्रश्नात आहे. खालचे कोर्ट विचारते की तुम्ही तारखेला का आला नाहीत. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते किंवा हजर न राहण्यास पुरेसे कारण होते, या दोहोंपैकी एक गोष्ट सिद्ध झाली की हुकूमनामा रद्द होतो. वादीचे म्हणणे खरे की खोटे यात कोर्ट त्या टप्प्यावर शिरत नाही. वरचे कोर्ट विचारते की समोर असलेल्या पुराव्यावरून हा हुकूमनामा बरोबर आहे का. ऐकताना दुसरा प्रश्न अधिक भारदस्त वाटतो, आणि म्हणूनच बहुतेकांचा पहिला ओढा अपिलाकडे असतो. माझाही होता. 'खालच्या कोर्टाने ज्या हाताने हुकूमनामा दिला त्याच हाताने तो कशाला पुसेल?' असे मला माझ्या मेहुण्यांनी विचारले होते आणि तेव्हा ते पटलेही होते.

पण अपिलात जी फाइल वर जाते तिच्यात काय असते, याचा विचार आपण करत नाही. एकतर्फी दाव्यात वादीचा सरतपास (त्याची स्वतःची साक्ष) असतो, वादीची बिले असतात, वादीचा खातेउतारा असतो; आपला एक कागदही नसतो आणि उलटतपासाच्या जागी 'उलटतपास नाही' एवढीच नोंद असते. सदोष माल परत पाठवल्याची माझ्याकडची चलने आणि त्यापोटी काढलेल्या डेबिट नोटा वरच्या न्यायाधीशांपुढे ठेवायच्या तर आदेश ४१ नियम २७ खाली वेगळा अर्ज करावा लागला असता, आणि त्या नियमाचे दार अरुंद आहे: खालच्या कोर्टाने पुरावा चुकीने नाकारला असला पाहिजे, किंवा योग्य ती तत्परता दाखवूनही तो आपल्याला तेव्हा मिळण्यासारखा नव्हता हे दाखवता आले पाहिजे, किंवा निर्णयासाठी त्याची गरज खुद्द अपील कोर्टालाच भासली पाहिजे. माझे कागद तर माझ्याच कपाटात होते. अपील कोर्ट प्रकरण फेरचौकशीसाठी खाली पाठवू शकते हे खरे. पण तसे झाले तर इतका वळसा घालून आपण पुन्हा त्याच दालनात येणार, जिथे अर्ज करून आधीच जाता आले असते.

इथपर्यंत माझे मन दोलायमान होते. ज्या एका गोष्टीने ते ठरले ती तशी किरकोळ दिसते, आणि मला ती वकिलांच्या टेबलावर बसून संहितेचे पान वाचेपर्यंत कोणीच सांगितली नव्हती.

अपिलाची मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजली जाते. जिल्हा न्यायालयात ती तीस दिवसांची आहे. नकलेसाठी लागलेले दिवस वजा होतात, पण आपल्याला हुकूमनामा कधी कळला याला त्या मोजणीत जागा नाही. माझ्या बाबतीत विलंब आठशे वीस दिवसांच्या आसपास भरत होता. विलंब माफ होत नाही असे नाही. समन्सच मिळाले नव्हते हे कारण चांगले आहे आणि विलंबमाफीकडे कोर्टांनी उदारपणे पाहावे असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या कातिजी प्रकरणापासून सांगितले आहे. अडचण माफी मिळण्याची नव्हती, ती मिळेपर्यंतच्या काळाची होती. आदेश ४१ च्या नियम ३-अ प्रमाणे मुदतीनंतर केलेल्या अपिलासोबत विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो, आणि त्याच नियमाचा तिसरा पोटनियम म्हणतो की असा अर्ज केलेला असताना, अपील ऐकून घ्यायचे असे कोर्ट प्राथमिक सुनावणीनंतर ठरवत नाही तोवर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगितीचा आदेश देता येणार नाही.

हे वाक्य मी तीनदा वाचले. माझ्या दृष्टीने त्याचा अर्थ असा होता: विलंबमाफीचा अर्ज दिवाणी किरकोळ अर्ज म्हणून नोंदला जाईल, सामनेवाल्याला नोटीस निघेल, ती बजावली जाईल किंवा परत येईल, तो म्हणणे देण्यासाठी एक-दोन तारखा घेईल, मग युक्तिवाद होईल, आणि हे सारे चालू असताना दरखास्त आपल्या गतीने पुढे सरकत राहील. वादीने जंगम जप्तीसाठी ज्या वस्तूंची यादी दिली होती तिच्यात माझ्या दोन लेथ मशिन होत्या. त्या उचलल्या गेल्या असत्या तर पुढे अपील जिंकूनही मला काय मिळाले असते? ज्या वरच्या कोर्टाकडे मी अधिकाराच्या आशेने निघालो होतो, त्याचेच हात मला ज्या महिन्यात त्याची सर्वाधिक गरज होती त्या महिन्यात कायद्याने बांधलेले होते. अपवादात्मक परिस्थितीत अंगभूत अधिकार वापरून अंतरिम संरक्षण मागता येते असे काही वकील सांगतात, आणि कदाचित कोणाला ते मिळालेही असेल. मी मात्र मशिन त्या 'कदाचित'वर टांगायला तयार नव्हतो.

त्याच कोर्टातल्या अर्जाची मुदत वेगळ्या पद्धतीने मोजतात. मुदत कायद्याचे अनुच्छेद १२३ इथेही तीस दिवसच देते, पण समन्स रीतसर बजावले गेले नसेल तर ते तीस दिवस हुकूमनामा माहीत झाल्याच्या दिवसापासून धरले जातात. आणि त्या अनुच्छेदाखाली एक लहानसे स्पष्टीकरण आहे, ज्याचे मोल माझ्यासारख्यालाच कळावे: आदेश ५ नियम २० खालची पर्यायी बजावणी, म्हणजे जाहिरात देऊन किंवा शेवटच्या ज्ञात पत्त्यावर चिकटवून कोर्टाच्या हुकमाने केलेली बजावणी, या मोजणीपुरती 'रीतसर बजावणी' समजायची नाही. त्यामुळे नोटीस मिळाल्यापासून अठराव्या दिवशी मी अर्ज दाखल केला तेव्हा तो मुदतीत होता, एका दिवसाचाही विलंब माफ करून घ्यायचा नव्हता, आणि त्याच दिवशी स्थगितीचा अर्जही देता आला. कोर्टाने निम्मी रक्कम जमा करण्याच्या अटीवर दरखास्तीला स्थगिती दिली. निम्मी रक्कम उभी करताना ओढाताण झाली, हे कबूल करतो. पण मशिन चालू राहिल्या.

अपिलाच्या बाजूने बोलायचे तर पुष्कळ बोलता येईल आणि ते न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. निफाडच्या माझ्या मावसभावावर असाच एकतर्फी हुकूमनामा झाला होता, पण त्याचे समन्स त्याने स्वतः सही करून घेतले होते आणि द्राक्षांच्या हंगामात तारीख विसरला होता. 'हंगाम होता' हे पुरेसे कारण म्हणून किती टिकले असते याची मला शंका आहे. त्याचे वकील मात्र चतुर होते. त्यांनी वादीच्याच दाव्यातून दाखवून दिले की शेवटच्या व्यवहारापासून तीन वर्षे उलटून गेल्यावर दावा लावलेला आहे. मुदतबाह्य दावा, प्रतिवादीने तसा बचाव घेतला नसला तरीही, कोर्टाने फेटाळलाच पाहिजे असे मुदत कायद्याचे कलम ३ सांगते. तो तीस दिवसांच्या आत अपिलात गेला आणि एकही नवा कागद न देता जिंकला. थोडक्यात, हुकूमनाम्यातला दोष वादीच्याच कागदांवरून दिसत असेल आणि आपण मुदतीत असू, तर वर जाणे केव्हाही सरस. वादीची बाजू एकतर्फी असली म्हणून तिला पुरावा लागत नाही असे नाही, आणि वरचे कोर्ट ते तपासू शकते. मुदतीतल्या अपिलाला नियम ३-अ ची अडचणही नाही. तिथे आदेश ४१ नियम ५ खाली स्थगिती पहिल्याच आठवड्यात मागता येते, जरी पैशांच्या हुकूमनाम्यात रक्कम जमा करण्याची किंवा तारण देण्याची तयारी ठेवावी लागते.

खर्चाचा फरक लगेच जाणवतो. अपिलावर दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी बसते, नियम १३ च्या अर्जावर नाममात्र. वकिलांची फी ज्याची त्याने ठरवावी.

'दोन्ही एकदम का करू नयेत?' असेही विचारले जाते. करता येतात. भानू कुमार जैन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले की एकतर्फी हुकूमनामा झालेल्या प्रतिवादीला दोन्ही उपाय खुले आहेत. पण इथे क्रम फार जपावा लागतो, कारण नियम १३ खालच्या स्पष्टीकरणानुसार, अपील मागे घेण्याखेरीज अन्य कोणत्याही कारणाने निकाली निघाले की त्यानंतर त्याच हुकूमनाम्याविरुद्ध नियम १३ चा अर्ज चालत नाही. आणि हे केवळ गुणदोषांवर हरल्यावर होते असेही समजू नये. मुदतीच्या कारणाने अपील फेटाळले गेले तरी खालचे दार बंद होते, असे १९८२ च्या रानी चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. म्हणजे माझ्यासारखा माणूस आठशे दिवसांचा विलंब घेऊन आधी वर गेला असता आणि तिथे उंबरठ्यावरच अडखळला असता, तर ज्या दारातून तो मुदतीत शिरू शकत होता तेही त्याने स्वतःच्या हाताने लावून घेतले असते.

उलट बाजूने तसे होत नाही, आणि माझ्या मते तराजू इथे आणखी थोडा झुकतो. नियम १३ चा अर्ज फेटाळला गेला तर आदेश ४३ खाली जिल्हा न्यायालयात किरकोळ अपील करता येते. तेही हरलात तरी मूळ हुकूमनाम्यावरचे अपील कायद्याने मेलेले नसते. फक्त त्यात 'मला एकतर्फी ठरवणेच चूक होते' हा मुद्दा पुन्हा उगाळता येत नाही, दाव्याच्या गुणदोषांवर बोलावे लागते. खालच्या अर्जात गेलेला काळ अपिलाचा विलंब माफ करताना पुरेसे कारण ठरू शकतो, असे महाराष्ट्रातूनच वर गेलेल्या भिवचंद्र शंकर मोरे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. अर्थात तो वेळ प्रामाणिकपणे गेलेला असावा लागतो. चालढकल करणाऱ्याला त्या निकालाचा आधार मिळणार नाही.

त्यापुढची पायरी मुंबई उच्च न्यायालयाची आहे. धुळे, जळगाव आणि अहिल्यानगरचे लोक छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जातात, पण नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतो. म्हणजे पहाटे आवरून पंचवटी एक्स्प्रेस पकडायची आणि सीएसएमटीवरून फोर्टात चालत जायचे. पहिले अपील हरल्यावर कलम १०० खाली दुसरे अपील करता येते, त्याला नव्वद दिवसांची मुदत आहे, पण १९७६ च्या दुरुस्तीनंतर तिथे कायद्याचा महत्त्वपूर्ण प्रश्न दाखवावा लागतो. 'पुरावा नीट पाहिला नाही' एवढ्यावर भागत नाही. आणि आपला पुरावा मुळात फाइलवर आलेलाच नसेल तर त्याबद्दल तिथे काय बोलणार? नियम १३ च्या वाटेने गेलेल्याला किरकोळ अपिलानंतर दुसरे अपील नाही; त्याला उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली दाद मागावी लागते, आणि ती कक्षा त्याहूनही मर्यादित असते. या एका बाबतीत अपिलाचा रस्ता लांबवर जातो, हे मान्य केले पाहिजे.

मी निवडलेला मार्ग सुखाचा होता असे मात्र कोणी समजू नये. अर्ज निकाली निघायला चौदा महिने लागले. 'समन्स मिळाले नाही' एवढे शपथपत्रावर लिहून भागेल अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात माझा उलटतपास झाला, आणि सामनेवाल्याच्या वकिलांनी माझ्या तोंडून हे काढण्याचा पुरेपूर प्रयत्न केला की दाव्याची कुणकुण मला बाजारातून लागलेली होती. त्यामागे कारण होते. नियम १३ चे दुसरे परंतुक (नियमाला जोडलेली अपवादाची अट) असे आहे की बजावणीत केवळ अनियमितता झाली, पण प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि हजर राहण्याइतका वेळही होता, अशी कोर्टाची खात्री झाली तर हुकूमनामा रद्द करायचा नाही. ज्याला दाव्याची तारीख खरोखर माहीत होती आणि जो फक्त बेलीफाच्या अहवालातल्या चुकीवर विसंबून आहे, त्याने या वाटेला जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा. त्याच्यासाठी कदाचित अपीलच बरे. तसेच जो वकीलपत्र दाखल करून हजर झाला होता पण ज्याने कैफियत दिली नाही आणि दावा विनाकैफियत चालला, त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याने माझ्या अनुभवावरून काहीच ठरवू नये.

माझ्या बाजूने निकाल लागला तो दोन कागदांमुळे. एक, व्यवसायाचा पत्ता बदलल्यावर जीएसटी नोंदणीत केलेल्या दुरुस्तीचे प्रमाणपत्र, ज्यावर दाव्याच्या आधीची तारीख होती. दुसरा कागद वादीचाच होता: दाव्यासोबत त्याने जी बिले दाखल केली होती त्यांतल्या शेवटच्या तीन बिलांवर त्याच्याच संगणकाने आमचा अंबडचा पत्ता छापलेला होता. तो कागद इतकी वर्षे फाइलीत निशाणी लावून पडून होता आणि एकतर्फी सुनावणीत तो बघण्याचे कोणालाच कारण पडले नव्हते. कोर्टाने पाच हजार रुपये खर्च वादीला देण्याच्या आणि जमा रक्कम तशीच ठेवण्याच्या अटीवर हुकूमनामा रद्द केला. मी कैफियत दिली, मुद्दे निघाले, आणि आता वादीचा उलटतपास चालू आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. पण माझ्या डेबिट नोटांबद्दल त्याला आता प्रश्न विचारले जात आहेत.

ज्याला आज नोटीस आली आहे त्याने, कोणतेही दार निवडायचे असो, वकीलपत्रावर सही करण्याच्या दिवशीच नक्कल विभागात अर्ज द्यावा आणि निकाल व हुकूमनाम्याबरोबर रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झाले त्याची नोंद), बेलीफाचा अहवाल आणि पर्यायी बजावणीच्या अर्जाची नक्कल मागावी. तीस दिवस जितके वाटतात तितके नसतात. माझे नऊ दिवस नकलांतच गेले. नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीटही टाकून देऊ नये. आमच्याकडे ते वॉचमनने घेतले होते आणि त्याने सवयीप्रमाणे त्यावर तारीख घालून सही केली होती. हुकूमनामा मला कोणत्या दिवशी कळला, या प्रश्नावर उलटतपासात अर्धा तास गेला, आणि शेवटी ते पाकीटच पुढे करावे लागले.